जगवलेल्या पिढीच्या हृदयाचे काय?

एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांना मोफत औषधांनी जगवण्यात देशाला मोठे यश आले. ती मुले आता विशी-पंचविशीत आहेत. मात्र हृदयविकार टाळण्याची सरकारी यंत्रणा वयाच्या तिशीनंतरच जागी होते. मधल्या वर्षांची जबाबदारी कोणाची?

केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीबाधितांसाठी मोफत औषधोपचार सुरू केले, तेव्हा ही सोय देशातील केवळ आठ सरकारी रुग्णालयांत होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये लहान मुलांच्या उपचारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम आला. आज देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख असून, त्यांपैकी १७ लाखांहून अधिक जण नियमित औषधे घेतात. २०१० च्या तुलनेत एड्समुळे होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले आहेत. बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, म्हणजे सुमारे चार लाख आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात इतका स्पष्ट हिशेब देता येईल असे कार्यक्रम आपल्याकडे फार नाहीत.

या यशाचा एक परिणाम मात्र अजून पुरेसा ध्यानात आलेला नाही. २००० च्या आसपास आईकडून संसर्ग घेऊन जन्मलेले आणि २००६ नंतर औषधे मिळाल्यामुळे वाचलेले मूल आज पंचविशीत आहे. त्या काळी अशा मुलांविषयी डॉक्टरही किती वर्षांची आशा धरावी, हे बोलायला कचरत. नातेवाइकांनी नाकारलेल्या अशा मुलांना पंढरपूरच्या ‘पालवी’ने, लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या ‘सेवालया’ने, बीडच्या ‘इन्फंट इंडिया’ने आसरा दिला. त्यांतील कित्येक मुले शिकली, नोकरीला लागली, काहींचे विवाह झाले. मरणाची वाट पाहणारी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले गेले, ती आता संसाराचा हिशेब मांडत आहेत. म्हणजेच त्यांच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य आहे आणि त्या आयुष्याला सर्वांत मोठा धोका यापुढे एड्सचाच असेल, असे समजण्याचे कारण उरलेले नाही.

विषाणू दबतो, दाह उरतो

एचआयव्ही हा रोगप्रतिकारशक्तीवर हल्ला करणारा विषाणू, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो रक्तवाहिन्यांचेही नुकसान करतो, हे तितकेसे परिचित नाही. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजताही येणार नाही इतके खाली आणता येते. तरीही शरीरातील संरक्षक पेशी पूर्णपणे शांत होत नाहीत. संसर्गाच्या आरंभी आतड्यांच्या अस्तराची जी हानी झालेली असते, तिच्यामुळे जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि मंद आचेवरच्या विस्तवासारखा दाह वर्षानुवर्षे धुमसतो. या दाहाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरखरीत होते, तेथे चरबीचे थर साचण्याची क्रिया लवकर सुरू होते. २०१८ मध्ये जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

येथे दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये. विशीतल्या तरुणाला आजच हृदयविकाराचा झटका येईल, असे कोणी म्हणत नाही. त्या वयात तो विरळाच. प्रश्न साचत जाणाऱ्या ओझ्याचा आहे. चाळिशीत संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या चाळीस वर्षे दाहाविना गेलेल्या असतात. जन्मतः संसर्ग असलेल्याच्या वाट्याला दाहाविना एक दिवसही आलेला नसतो. अमेरिकेत जन्मतः एचआयव्ही असलेल्या किशोरवयीनांच्या एका गटाचा रक्तदाब, चरबी, साखर, वजन आणि धूम्रपान यांवरून अंदाज घेतला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास निम्म्या मुलांच्या बाबतीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर थर साचण्याचा वाढीव धोका आढळला. हे घटक बदलता येण्याजोगे असतात. म्हणूनच ते वेळेत दिसायला हवेत.

भारतीय शरीराची त्यात आपली भर आहे. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे वय दक्षिण आशियात सरासरी ५३ असते, तर इतरत्र ते सुमारे ५९ असते, असे ५२ देशांतील एका मोठ्या पाहणीतून पुढे आले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केलेले काम याच्याशी जोडून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडची नवजात बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, अशी असतात आणि पुढे त्यांना मधुमेह व हृदयविकार लवकर गाठतो, हे त्यांनी दाखवून दिले. एचआयव्हीसह जन्मलेली आपली बहुतेक मुले गरीब घरांतली, कुपोषित, वाढ खुंटलेली होती. औषध सुरू झाले, अन्न मिळू लागले आणि वजन वाढले. हे वाढलेले वजन स्नायूंचे किती आणि पोटावरच्या चरबीचे किती, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही. सुचण्यासारखी परिस्थितीही नव्हती.

औषधांचा इतिहास

या पिढीने घेतलेल्या औषधांचा इतिहासही तिच्या शरीरात जमा झाला आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली आणि जगातील गरीब देशांसाठी एचआयव्हीचा उपचार पहिल्यांदा आवाक्यात आला. भारतीय औषध उद्योगाच्या इतिहासातील हा अभिमानाचा प्रसंग आहे. त्या काळातील स्वस्त मिश्रणांत स्टॅव्हुडिन हे औषध होते. त्याने असंख्य जीव वाचवले. पण ते दीर्घकाळ घेतल्यास गालांवरची व हातापायांवरची चरबी झडते, शरीरातील चरबीची वाटणी बिघडते आणि नसा दुखावतात, हे पुढे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या अखेरीस ते हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. लोपिनाविरसारखी औषधे रक्तातील चरबी वाढवतात, हेही सर्वमान्य आहे. लहान मुलांच्या उपचारांत या दोन्ही औषधांचा मोठा वाटा होता.

सध्याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार डोल्युटेग्रॅव्हिर हे मुख्य औषध झाले आहे. ते प्रभावी आहे, सोसायला सोपे आहे आणि विषाणूला सहजासहजी दाद देत नाही. मात्र दक्षिण आफ्रिका आणि कॅमेरून येथील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते घेणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढल्याचे दिसले. हे औषध बदलावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. औषध देणाऱ्या केंद्राने वजनाचा आकडा केवळ नोंदवून न थांबता तो वाचावा, एवढाच आहे.

एक इशारा येथे ठळकपणे द्यायला हवा. हृदयाच्या काळजीपोटी कोणी एचआयव्हीची औषधे थांबवू नयेत. २००६ मध्ये ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,४७२ जणांपैकी निम्म्यांचे उपचार मधूनमधून थांबवून पाहिले गेले. औषधांपासून विश्रांती मिळाली तर दुष्परिणाम कमी होतील, हा त्यामागचा विचार होता. घडले उलटेच: थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले आणि हृदयविकारही वाढले, म्हणून चाचणी वेळेआधी आवरती घ्यावी लागली. विषाणू दाबून ठेवणे हाच हृदयरक्षणाचा पहिला उपाय आहे. प्रश्न त्यापुढच्या उपायांचा आहे.

अठरा, तीस, चाळीस

हे पुढचे उपाय आपल्या व्यवस्थेत आहेत. पण ते वयाच्या तीन रेषांनी अडवलेले आहेत.

पहिली रेषा अठराची. बालन्याय कायद्याखालील निवासी संस्थांचे छत्र अठराव्या वर्षी संपते. पश्चात देखभालीची तरतूद एकविसाव्या आणि अपवादात्मक परिस्थितीत फार तर तेविसाव्या वर्षापर्यंत जाते. याच वयाच्या आसपास मुलाला बालरोग विभागातून प्रौढांच्या केंद्रात जावे लागते. ओळखीचे डॉक्टर, समुपदेशक, औषधाची आठवण करून देणारी काळजीवाहू बाई हे सारे एकदम सुटते. हासेगावच्या ‘सेवालया’ला अठरा वर्षांवरील मुलामुलींसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसवावे लागले, ते याचमुळे. अठरा पूर्ण झाली म्हणून आजार मागे सुटत नाही.

दुसरी रेषा तिशीची. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि काही कर्करोग यांसाठी राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाखाली जी सार्वत्रिक तपासणी होते, ती तीस वर्षांवरील नागरिकांसाठी आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जो अर्ज भरून घेते, त्यात तिशीच्या आतली व्यक्ती बसत नाही. सामान्य लोकसंख्येसाठी ही रेषा सयुक्तिक आहे. ज्याच्या रक्तवाहिन्या पंचवीस वर्षे दाहात राहिल्या, त्याच्यासाठी नाही.

तिसरी रेषा चाळिशीची आणि ती विज्ञानानेच आखलेली आहे. पुढील दहा वर्षांतील हृदयविकाराची शक्यता सांगणारे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते चाळिशीपासून सुरू होतात. या विषयातील सर्वांत मोठी चाचणी म्हणजे ‘रिप्रीव्ह’. भारतासह १२ देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधितांचा तिच्यात सहभाग होता. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने हृदयविकाराचे मोठे प्रसंग सुमारे ३५ टक्क्यांनी घटतात, हा तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला. तिच्यात ४० ते ७५ वयाच्या व्यक्तीच घेतल्या होत्या. पंचविशीतल्यांना ती गोळी द्यावी की नाही, याचे उत्तर त्या चाचणीत नाही आणि ते गृहीत धरून सरसकट गोळ्या वाटणेही शहाणपणाचे ठरणार नाही.

दिल्लीतील आर. के. पुरम या सरकारी वसाहतीत प्रस्तुत लेखक राहतो. येथल्या निवृत्तांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. साठी-सत्तरीतला पेन्शनर तेथे महिन्याकाठी जातो, रक्तदाब मोजून घेतो, साखर व चरबीची तपासणी करवतो आणि गोळ्या घेऊन परततो. त्याची फाईल त्याच्या आधी त्याचा धोका ओळखते. येथून थोड्याच अंतरावर एम्स आणि सफदरजंग ही रुग्णालये आहेत आणि दोन्हींकडे एचआयव्हीची उपचारकेंद्रे आहेत. तेथे रांगेत उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाची फाईलही तितकीच जाड आहे. पण तिच्याकडून राष्ट्रीय कार्यक्रमाला प्रामुख्याने तीन उत्तरे हवी असतात: निदान झाले का, औषध सुरू आहे का, विषाणू दबला का. ९५-९५-९५ हे उद्दिष्ट या तीन प्रश्नांवरच उभे आहे. ज्याची मोजणी होते तेच काम होते, हा प्रशासनाचा जुना नियम. हृदयाचा प्रश्न या मोजणीत नाही.

साथीसाठी घडलेली यंत्रणा

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. भारतीय राज्यसंस्थेची आरोग्ययंत्रणा साथींच्या धाकाने घडली. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर लगोलग १८९७ चा साथरोग कायदा आला. रोग्याला शोधा, वेगळा काढा, इतरांना वाचवा, हे त्याचे सूत्र होते. एचआयव्ही आला तेव्हाही पहिली प्रतिक्रिया याच वळणाची होती. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदान केल्यानंतर संसर्ग उघड झालेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे पोलिसांकरवी पकडून दोन महिन्यांहून अधिक काळ एकांतात ठेवले गेले. त्याला ना आजारी वाटत होते, ना त्याने काही गुन्हा केला होता. १९९२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला.

तेथून आपण बरेच पुढे आलो. काम करण्यास सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्हीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने भेदभावाला मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पण त्याच कायद्याचे कलम १४ बारकाईने वाचण्यासारखे आहे. निदानाच्या सोयी, एचआयव्हीविरोधी औषधे आणि संधिसाधू संसर्गांवरील उपचार ‘शक्यतोवर’ पुरवण्याचे कर्तव्य ते सरकारांवर टाकते. संधिसाधू संसर्ग हे एड्सने मरणाऱ्या रुग्णाचे आजार होते. दीर्घकाळ जगणाऱ्या रुग्णाचे आजार, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, या वाक्यात नाहीत. कायद्याने रुग्णाला मृत्यूपासून वाचवण्याचा विचार केला. वाचल्यानंतरच्या आयुष्याचा विचार करण्याची वेळ तेव्हा आली नव्हती. ती आता आली आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. किशोरवयीनांमध्ये आजही सर्वांत मोठी अडचण गोळ्या चुकण्याची आहे. वसतिगृहात डबा लपवावा लागतो, नव्या नोकरीत दर महिन्याला रजा मागता येत नाही, लग्नाच्या बोलण्यांत सत्य सांगावे की नाही या विचाराने मन थकते. अशा वेळी तोकड्या मनुष्यबळाच्या केंद्रांवर आणखी तपासण्या लादणे म्हणजे मूळ कामाकडे दुर्लक्ष होऊ देणे नव्हे काय?

उत्तर असे की ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. गोळ्या चुकल्या की दाह वाढतो आणि हृदयाचा धोकाही वाढतो. ‘गोळ्या घे, नाहीतर एड्स होईल’ हे वाक्य आयुष्यभर ऐकलेल्या तरुणाला त्याच्या रक्तदाबाविषयी, वजनाविषयी, तंबाखूविषयी विचारणारा समुपदेशक त्याच्याशी एका सामान्य माणसासारखे बोलत असतो. या बोलण्याचाही उपचार टिकण्यास हातभार लागू शकतो.

दुसरा आक्षेप असा की असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम आहेच, तिकडे पाठवावे. पण गावच्या आरोग्य मंदिरात तपासणी करणारी व्यक्ती बहुधा ओळखीची, कधी भावकीतलीच असते. ‘तीस वर्षे झाली नाहीत, मग याची तपासणी का?’ या एका प्रश्नाने वर्षानुवर्षे जपलेले गुपित उघडे पडू शकते. २०१७ च्या कायद्याने संमतीविना ही माहिती उघड करण्यास मनाई केली आहे, तिचा आदर करायचा तर तपासणी उपचारकेंद्रातच, त्याच खोलीत, त्याच फाईलवर व्हायला हवी.

काय करता येईल

यासाठी नवा कार्यक्रम नको, नवी इमारतही नको. क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. एचआयव्हीच्या उपचारकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम या चार लक्षणांविषयी विचारले जाते. दोन स्वतंत्र विभाग या चार प्रश्नांमुळे एकमेकांशी बोलू लागले. त्याच धर्तीवर हृदयासाठीही चार नोंदी ठरवता येतील: रक्तदाब, वजन व कमरेचा घेर, तंबाखूचे सेवन आणि घरातील हृदयविकाराचा किंवा मधुमेहाचा इतिहास. पंधराव्या वर्षापासून दर भेटीत रक्तदाब व वजन आणि वर्षातून एकदा साखर व चरबीची रक्ततपासणी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत असंसर्गजन्य आजारांचा विषय आलेला आहे. तो सूचनांतून निर्देशांकांत आला पाहिजे.

दुसरे, असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातील तिशीची अट एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी शिथिल करणारे एक परिपत्रक पुरे आहे. त्यामुळे रक्तदाबाची गोळी लागली तर ती त्याच खिडकीवर, एचआयव्हीच्या औषधांसोबत देता येईल. या गोळ्या भारतातच बनतात आणि स्वस्त आहेत.

तिसरे, तंबाखू. महाराष्ट्राने २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली आहे. तिची अंमलबजावणी कशी आहे, हे कोणत्याही पानटपरीवर कळते. एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणाला तंबाखू सोडवण्यासाठी मदत करणे हा औषधाच्या गोळीइतकाच मोलाचा उपचार आहे आणि समुपदेशक केंद्रात आधीच बसलेला आहे.

चौथे, संशोधन. पुण्याच्या भोसरीत १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था काम करत आहे. आता तिचे नाव आणि कार्यक्षेत्र दोन्ही विस्तारले आहे. २००६ नंतर औषधे सुरू झालेल्या मुलांची नोंद सरकारकडे आहे. ती मुले आज कुठे आहेत, त्यांचा रक्तदाब, त्यांची चरबी, त्यांच्या रक्तवाहिन्या कशा आहेत, याचा दहा-पंधरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास या संस्थेने राज्यातील केंद्रांच्या आणि निवासी संस्थांच्या मदतीने, अर्थातच प्रत्येकाच्या संमतीने, हाती घ्यावा. जगातील चाचण्या ज्या वयोगटापाशी थांबतात, त्या वयोगटाविषयी उत्तर देण्याची सोय भारताइतकी फार थोड्या देशांकडे आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ या काळासाठी आणि १५,४७१.९४ कोटी रुपयांच्या तरतुदीने आखला गेला. त्यानंतरच्या आखणीत निदान, औषध आणि विषाणूभार या तीन आकड्यांच्या शेजारी चौथा आकडा असावा: उपचाराखालील तरुणांपैकी किती जणांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला. हा आकडा साधा आहे, जमवायला स्वस्त आहे आणि जिल्हाधिकाऱ्याच्या आढावा बैठकीत विचारता येण्याजोगा आहे. मोफत औषधे देऊन या मुलांना जगवण्याचा निर्णय २००४ आणि २००६ मध्ये झाला, तेव्हा राज्यसंस्थेने एक आश्वासन दिले होते. त्या आश्वासनाची मुदत वयाच्या अठराव्या, तिसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षाशी बांधलेली नव्हती.

(लेखक केंद्र सरकारचे निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मूळ इंग्रजी लेखाचा अनुवाद.)